गच्ची मुरते एकीकडे, टपकते दुसरीकडे

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला. इंदुरात राजेंद्रनगरला १९८४ सालचं दुमजली घर, गच्ची साधारण ९०० चौरस फूट, वर जुना विटांचा कोबा, म्हणजे उतारासाठी घातलेला थर. हॉलमध्ये पंख्याच्या हुकाजवळून पाणी टपकतं आणि पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये भिंतीच्या माथ्याशी ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. दोन वर्षांपूर्वी पांढरा वॉटरप्रूफ रंग मारला, एक पावसाळा बरा गेला, यंदा पुन्हा तेच. आता तीन ठेकेदार तीन गोष्टी सांगतायत: एक जुन्या कोब्यावर नवा कोबा, दुसरा डांबरी शीट, तिसरा खालून इंजेक्शन. आणि पाऊस थांबला तरी तीन-चार दिवस टपकणं चालूच राहतं, ते का, हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

सगळ्यात आधी हॉलच्या पंख्याचा आणि त्या लायनीवरच्या दिव्यांचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, पाडून ठेवा. पाणी हुकाजवळून येतंय याचा अर्थ ते स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरलेलं आहे. पंखा नीट फिरतोय म्हणून काही होत नाही, असं समजू नका. आणि कोणी मिस्त्री तो पंख्याचा डबा सिमेंटने किंवा एम-सीलने बुजवून देतो म्हणाला तर नको म्हणा. तिथून पाणी बाहेर पडतंय ते एका परीने चांगलं आहे. ते बुजवलंत तर पाणी पाइपातून सरकत स्विचबोर्डात उतरतं. हे मी रामबागेतल्या एका घरात डोळ्यांनी पाहिलंय, बोर्डाच्या स्क्रूतून पाण्याचा थेंब लोंबत होता.

आता तीन-चार दिवसांचं कोडं, कारण त्यातच तुमच्या बऱ्याचशा प्रश्नाचं उत्तर आहे.

तुमच्या डोक्यावर एक थर नाही, तीन आहेत. खाली चार-साडेचार इंचांचा आरसीसी स्लॅब. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाइपाजवळ दोन इंच तर लांबच्या टोकाला चार-साडेचार. त्यावर सिमेंटचा घोटलेला पापुद्रा, ज्यावर तुम्ही रंग मारलात. गच्चीला उतार देतो तो कोबा, आणि पाणी अडवतो तो वरचा पापुद्रा. मधली वीट मात्र स्पंजासारखी असते. वरच्या पापुद्र्याला केसाएवढी चीर पडली की पाणी त्यातून खाली मुरतं, कोब्यात साठतं आणि स्लॅबच्या पाठीवरून वाट काढत हिंडतं. स्लॅबची पाठ काही सपाट नसते. १९८४ साली तगाऱ्यांनी माल चढवून ढाळलेला स्लॅब म्हणजे त्याला खळगे असणारच. पाणी त्या खळग्यांतून सरकत जिथे भोक सापडेल तिथे खाली उतरतं. स्लॅबमध्ये हक्काचं भोक कुठे? पंख्याच्या डब्याला. म्हणून बहुतेक घरांत पहिलं पाणी पंख्याजवळ येतं, आणि लोक गच्चीवर जाऊन बरोबर पंख्याच्या वर सिमेंट थापतात. पाणी मुरतंय ती जागा तिथून पंधरा फुटांवर असू शकते.

पाऊस थांबल्यावर जे टपकतं ते कालच्या पावसाचं नाही, कोब्यात साठलेलं आहे. तीन-चार दिवस टपकणं म्हणजे कोबा चांगलाच प्यालेला आहे. पावसाबरोबर सुरू होऊन तासाभरात थांबणारी गळती वेगळी, ती सरळ चिरेची असते. तुमची तशी नाही.

रंगाने एक पावसाळा थांबलं कसं? रंगाच्या पातळ थराने चिरा बुजल्या. मग उन्हाळा आला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि माळव्याची रात्र मात्र गार. दिवस-रात्रीत गच्चीच्या पृष्ठभागाच्या तापमानात २५-३० अंशांचा फरक सहज पडतो. काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे साधारण एका मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. तुमची गच्ची तीस फूट, म्हणजे नऊ मीटर धरली तर रोज सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटर पुढे-मागे. ही सगळी हालचाल दोन-चार चिरांच्या तोंडाशी येऊन जमते, आणि त्यावर अर्धा मिलिमीटरही जाडी नसलेला, उन्हाने कडक झालेला रंग. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत तो फाटलेला असतो. तो फाटल्यावरचा त्रास आणखी वेगळा: पाणी आत शिरतं चिरेतून, पण वाळताना त्याला वर यायला वाट नसते, कारण बाकीचा रंग शाबूत असतो. म्हणून यंदा आधीपेक्षा जास्त दिवस टपकत असेल, तर नवल नाही.

कोब्यावर कोबा या सल्ल्याबद्दल मी जरा तिखट बोलेन, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही वडिलांच्या घरावर. गळती-दुरुस्तीच्या धंद्यात नवा होतो, लोकमान्यनगरातलं आमचं घर गळत होतं, जुना कोबा फोडायचा म्हणजे मलबा, धूळ, आईची कुरकुर. म्हणून वरून नवा कोबा चढवला, छान उतार दिला, घोटून आरशासारखा केला. त्या पावसाळ्यात गळती थांबली नाही, उलट नव्या ठिकाणी सुरू झाली. जुन्या कोब्यात जे पाणी होतं ते दोन थरांत कोंडलं गेलं, आणि मुंडेरीच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बुडाची चीर, जिथून खरं पाणी शिरत होतं, तिला मी हातच लावला नव्हता. दोन वर्षांनी दोन्ही कोबे फोडले. खालच्या विटा ऑक्टोबरातही हाताला ओल्या लागत होत्या.

आणि वजनाचा हिशोब तर मी केलाच नव्हता. कोब्याची जाडी सरासरी सव्वातीन इंच धरली तर चौरस फुटाला साधारण १५ किलो. तुमच्या ९०० फुटांवर साडेतेरा टन, तेही कोरडा असताना. जुना एक आहेच, वर दुसरा. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर हे लादायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरचा कागद आणा, असं त्या ठेकेदाराला सांगा. तो दुसऱ्यांदा विषय काढणार नाही.

पण मुळात उपाय ठरवण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं. हे काम तुम्ही घरच्या घरी, काही खर्च न करता, याच पावसाळ्यात करू शकता.

खाली छताला जिथे ओल आहे तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या पावसानंतर ओल रेघेबाहेर गेली तर पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. महिन्याभरात तुमच्या छतावर नकाशा तयार होईल, आणि ओल कुठून कुठे सरकते ते दिसेल. मग एखादा जोरदार पाऊस थांबल्यावर तासाभराने वर जा. जिथे पाणी अजून साचलेलं आहे त्या प्रत्येक डबक्याभोवती खडूने गोल करा. बोटाच्या पेरापेक्षा खोल पाणी साचत असेल ती जागा उताराची नाही, खड्ड्याची आहे. खाली-वर दोन्ही नकाशे मोबाइलवर फोटो काढून शेजारी ठेवा. दहातल्या सात घरांत इथेच उलगडा होतो.

पाऊस नसताना एक वेगळी तपासणी करायची, ती टाकीची. रात्री झोपताना सगळे नळ बंद, टाकीचा खालचा वॉल्व्हही बंद, पाण्याची पातळी टाकीच्या आतून खूण करून ठेवायची. सकाळी पातळी उतरलेली असेल तर टाकी गळतेय. मग दुसऱ्या रात्री वॉल्व्ह उघडा ठेवून, नळ मात्र बंद ठेवून तेच करायचं. आता उतरली तर पाइप. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून इंदुरात प्रत्येक गच्चीवर हजार-दोन हजार लिटरची टाकी असतेच, आणि तिच्या ओव्हरफ्लोचा पाइप बहुतेक वेळा गच्चीवरच सोडलेला असतो. मेमध्ये छत ओलं होत असेल तर पावसाला दोष देऊ नका, टाकी किंवा कूलर बघा. सुदामानगरातल्या एका घरी मी तीन तास चिरा शोधल्या आणि शेवटी निघाला गच्चीवर ठेवलेल्या डक्टिंगच्या कूलरचा गळका पाइप. त्या गृहस्थांनी आधीच दोन वेळा वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं.

पाणी साठवून पाहण्याची जी चाचणी असते ती पाऊस संपून गच्ची वाळल्यावर करायची, दिवाळीनंतर. पाइपाचं तोंड बंद करून गच्चीचे मातीच्या छोट्या बांधांनी तीन-चार भाग पाडायचे आणि एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं. सगळी गच्ची एकदम भरली तर छत ओलं होईल, पण शिकायला काही मिळणार नाही. दोन इंच पाण्याचं वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आत असतं, धडधाकट स्लॅबला ते काहीच नाही. पण खालून प्लास्टर पडलंय, गंजलेली सळई दिसतेय किंवा छत मध्ये झुकल्यासारखं वाटतंय, तर ही चाचणी अजिबात करू नका.

तुमच्या बेडरूमच्या भिंतीबद्दल मात्र मला चाचणीशिवायही शंका आहे. पश्चिमेकडची भिंत, ओल माथ्याशी. आपल्याकडे पावसाचा झोत पश्चिमेकडूनच येतो. तिथला संशयित म्हणजे मुंडेर. विटांची मुंडेर आणि काँक्रीटचा स्लॅब उन्हात वेगवेगळे हलतात, म्हणून दोघांच्या सांध्यावर आडवी चीर पडतेच पडते. गच्चीवरून ती आतल्या कोपऱ्यात दिसते, पण बाहेरून, रस्त्याकडून पाहिलं तर स्लॅबच्या उंचीवर प्लास्टरमध्ये एक लांब रेघ दिसेल. गच्ची कितीही बांधून घ्या, बाहेरच्या रेघेतून पाणी येत राहील. मुंडेरीचा माथाही बघा. सपाट असेल किंवा चिरलेला असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून खाली उतरतं. पिंपळाचं रोप उगवलेलं असेल, तर ते नुसतं उपटू नका. मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. तिथल्या दोन-चार विटा काढून मूळ पूर्ण निघालं तरच खरं.

मुंडेरीची खात्री करायची तर नळीने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी नुसत्या गच्चीच्या कोपऱ्यावर अर्धा तास, मग मुंडेरीच्या आतल्या अंगावर, मग बाहेरच्या बाजूवर, शेवटी माथ्यावर. कोणीतरी खाली बेडरूममध्ये बसून बघायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि मग कोणाला दोष द्यायचा ते कळत नाही.

आता एक गोष्ट इथलीच, पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळणार नाही अशी. आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खोल नसेल तर घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा असतील आणि उन्हाळ्यात वाढून पावसात मिटत असतील, तर गच्चीवरची चीर त्याच खेळाचा भाग असू शकते. त्या चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून ठेवा. पट्टी सहा-आठ महिन्यांत फुटली तर चीर जिवंत आहे. जिवंत चिरेत सिमेंट भरणं म्हणजे पैसे भरणं. तिला लवचिक सीलंटच लागतं, आणि आधी पायाभोवतीचं पाणी हटवायला लागतं: घराला लागून असलेली बाग, गळका चेंबर, रेनवॉटर हार्वेस्टिंगचा भिंतीला चिकटून केलेला खड्डा. हा खड्डा पायापासून चांगला लांब हवा.

खालच्या बाजूचंही एक बघून घ्या. छताचं प्लास्टर काठीने हलकेच ठोकत जा. टणटण आवाज येतो तिथे ठीक. बद्द आवाज येतो तिथे प्लास्टर स्लॅबपासून सुटलंय, कदाचित सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. असं असेल तर गच्चीचं काम आणि छताचं काम जोडीने करावं लागेल. सुटलेलं सगळं काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासायची, तिला गंजरोधक प्रायमर, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने. सळईची जाडी बोटाला जाणवेल इतकी कमी झालेली असेल तर माझ्यासारख्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. नुसतं वरवरचं प्लास्टर मारून रंग देणारा मिस्त्री तुम्हाला स्वस्त पडेल, पण ते खपलीवर पावडर लावण्यासारखं आहे.

गच्चीवरचा कोबाही असाच ठोकून बघायचा. पोकळ आवाज एक-तृतीयांशापेक्षा कमी भागात असेल तर तेवढेच भाग काढून दुरुस्ती चालते. त्याहून जास्त असेल, किंवा डबकी ठिकठिकाणी असतील, तर मी सगळा कोबा फोडा म्हणतो. तुमच्या वर्णनावरून, चाळीस वर्षांचा कोबा आणि तीन-चार दिवसांचं टपकणं, मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पण ठोकल्याशिवाय मी हे लिहून देणार नाही.

फोडायचा झाला तर छिन्नी-हातोडीने, मोठ्या ब्रेकरने नाही. धक्क्याने जुना स्लॅब तडकतो. आणि मलबा रोजच्या रोज खाली उतरवायचा, गच्चीच्या मध्यावर ढीग नको. मजुरांना ढीग करायला आवडतो, म्हणून हे आधीच बोलून ठेवा.

स्लॅब उघडा पडला की खरी मजा. तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी चिरा दिसतील, पंख्याभोवती, पाइपाभोवती, कधी दोन दिवसांच्या ढलाईचा सांधा. प्रत्येक चीर इंग्रजी व्हीच्या आकारात अर्धा इंच खोल कापायची, धूळ फुंकून काढायची, हलणारी असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, स्थिर असेल तर पॉलिमरचा मसाला. मग पूर्ण स्लॅबवर पॉलिमर-सिमेंटच्या घोळाचे दोन हात, पहिला लांबीत, दुसरा रुंदीत, आणि तो थर मुंडेरीवर फूटभर वर चढवायचा. ही फूटभर चढाई लोक वाचवतात. बेडरूमची तुमची भिंत त्याच बचतीची किंमत मोजत असणार.

खुर्रा म्हणजे पाणी पाइपात शिरतं तो खोलगट चौक. दीड फूट बाय दीड फूट, आजूबाजूपेक्षा खाली, आणि पाइपाची गळपट्टी त्यात घट्ट बसवलेली. पाइप चार इंची हवा, आणि मी साधारण ४०० ते ५०० चौरस फुटांना एक धरतो, म्हणजे तुम्हाला किमान दोन. बऱ्याच जुन्या घरांत एकच असतो, तोही अडीच-तीन इंची, त्यावर जाळी नाही, आणि आत चिंचेचा किंवा कडुनिंबाचा पाला. हिशोब करून बघा: तुमच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे २१०० लिटर पाणी. जोरदार सरीत ते अर्ध्या तासात येतं. एक पाइप तुंबला की गच्चीचा हौद होतो आणि मग जगातला कुठलाही कोबा बिचारा काय करणार. जुना पाइप स्लॅबमधून जातो तिथे त्याच्याभोवती बोटभर फट असते ती शोधा. हॉलच्या पंख्याचं पाणी तिथून आलेलं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नव्या कोब्याला उतार १०० फुटांना किमान एक फूट. म्हणजे पंधरा फुटांत पावणेदोन इंच. मिस्त्री डोळ्याने उतार देतो आणि तो चांगला मिस्त्री असला तरी डोळा चुकतो. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायला लावा, मुंडेरीवर चुन्याची रेघ मारून घ्या, आणि त्या रेघेवरून ठिय्ये, म्हणजे उंचीच्या खुणेचे ठोकळे, बसवायला सांगा. विटा आदल्या दिवशी पाण्यात भिजवलेल्या हव्यात. कोरडी वीट मसाल्याचं पाणी ओढून घेते आणि मसाला पीठ होतो. विटांच्या मधल्या फटी मसाल्याने पूर्ण भरायच्या, मुंडेरीच्या बुडाशी गोला, म्हणजे काटकोन मोडून गोलाई. वरचा थर घोटून त्यावर फुटाफुटाचे चौकोन दोरीने आखायचे. ते शोभेचे नाहीत, चीर पडायची तर त्या रेघेत पडावी म्हणून. आणि सात दिवस पाणी बांधून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणेल, झालं आता. नाही झालं.

पाइपाचं तोंड बंद करून हेच पाणी चाचणीचंही काम करतं. खाली पेन्सिलीचा नकाशा आहेच, ओल वाढली तर ठेकेदार अजून गावात आहे.

राहिले बाकीचे दोन ठेकेदार. खालून इंजेक्शन म्हणजे स्लॅबला भोकं पाडून पीयूचा द्राव दाबाने भरतात, तो पाणी लागलं की फुगतो. एखाद-दुसरी चीर असेल, वर चढायला वाट नसेल, फ्लॅटमध्ये वरचा शेजारी ऐकत नसेल, तर उपयोगी आहे. तुमच्याकडे वर कोब्यात पाणी कोंडलेलं असताना खालून भोक बुजवलं, तर पाणी पुढचं भोक शोधेल.

डांबरी शीट वाईट नाही. ती गॅसच्या ज्योतीने वितळवून चिकटवतात, तीन-चार मिलिमीटर जाड, आणि दोन शीटांची जोड किमान चार इंच एकावर एक यायला हवी. पण तिला खालची जागा खडखडीत वाळलेली लागते. ओल राहिली तर उन्हात तिची वाफ होऊन शीटला फोड येतात आणि मग ते फुटतात. वाळलंय की नाही हे बघायला दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने गच्चीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी उचला. आतून घाम आलेला असेल तर थांबा. शिवाय काळी उघडी शीट आपल्या उन्हात काही वर्षांत कडक होते आणि वरची खोली भट्टी होते. उघडी ठेवायची असेल तर वर खडीचे दाणे किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकाकी असलेली घ्या. आणि ज्या घरात पापड-कुर्डया, गाद्या, पतंग सगळं गच्चीवर होतं तिथे मला तरी शीट पटत नाही.

पांढऱ्या रंगाच्या मी विरोधात नाही. कोबा नीट झाल्यावर, शेवटचा हात म्हणून, अ‍ॅक्रिलिकचं लवचिक कोटिंग जरूर मारा. वरच्या खोल्या थंडही राहतात. पण जाडीचा हिशोब मागा. सुकल्यावर एक मिलिमीटर थर हवा असेल तर दर चौरस मीटरला पावणेदोन ते दोन लिटर माल लागतो, कारण बाकीचं पाणी उडून जातं. वीस लिटरची बादली अशी १०० ते १३० चौरस फुटांत संपते. तुमच्या गच्चीला सात ते नऊ बादल्या. दोन वर्षांपूर्वी किती आणल्या होत्या, आठवतंय? माझा अंदाज दोन किंवा तीन. रंग खोटा नव्हता, पण एवढ्या मालात गच्ची झाकली जाते, बांधली जात नाही. भेगांवर आणि कोपऱ्यांत पहिल्या हाताबरोबर जाळीचं कापड बसवायला सांगा. आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा एक हात मारावा लागेल हे धरून चला.

२०२४ साली पीएम सूर्यघर योजना आल्यापासून माझ्याकडे एक नवीन प्रकारची गळती येऊ लागली आहे. सोलरवाले पॅनेलच्या स्टँडचे पाय गच्चीत ड्रिल करून बोल्टने ठोकतात, म्हणजे कोबा आरपार वीस-पंचवीस भोकं. तुमचा सोलरचा विचार असेल तर आत्ताच सांगा, कोबा करतानाच पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे वर काढून घेता येतात आणि त्यांच्याभोवतीही गोला देता येतो.

मग या पावसाळ्यात काय? अनंत चतुर्दशीपर्यंत पाऊस तळ ठोकून असतो, आणि ओल्या गच्चीवर केलेलं कुठलंही पक्कं काम टिकत नाही. आत्ता येऊन करून देतो म्हणणाऱ्याला दिवाळीनंतरची तारीख द्या. तोवर पाइपाची तोंडं साफ ठेवा, शक्य असेल तर तुंबलेल्या बाजूला मुंडेरीत एक जास्तीचं परनाळं, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड, काढून घ्या. तिरपाल (ताडपत्री) घालायचं असेल तर नुसतं गच्चीवर अंथरू नका, त्याच्या खालून पाणी शिरतं आणि वाळत नाही. ते मुंडेरीच्या माथ्यावरून बाहेर सोडून तिथे विटांनी दाबायचं आणि मधून उताराला ताणायचं. फक्त पंख्यावर तिरपाल घातलं तर काय होतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहेच. बेडरूमच्या बाहेरच्या आडव्या चिरेला पाऊस उघडीप देईल त्या दिवशी ब्रशने साफ करून सीलंट भरून ठेवा, तात्पुरतं.

ठेकेदाराशी लिखापढी करताना पैशाचे तीन भाग पाडा आणि शेवटचा भाग पुढच्या पावसाळ्यातली पहिली मोठी झड झाल्यावर. दहा वर्षांची गॅरंटी लिहून देणारे बरेच भेटतील, पण दहा टक्के पैसे आषाढापर्यंत थांबवा म्हटलं की कोण खरा ते लगेच कळतं. एस्टिमेटमध्ये कोबा फोडणं, मलबा नेणं, खुर्रे, मुंडेरीवरची फूटभर चढाई आणि मुंडेरीची बाहेरची बाजू या पाच ओळी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. 'टेरेस वॉटरप्रूफिंग, पूर्ण' अशी एकच ओळ असेल तर कागद परत करा.

दोन्ही नकाशांचे फोटो आणि पश्चिमेच्या भिंतीचा रस्त्यावरून काढलेला एक फोटो तयार झाला की पाठवा, मग कोबा सगळा काढायचा की काही भाग राखायचा हे नेमकं सांगता येईल. तोवर हॉलच्या पंख्याचा एमसीबी खालीच राहू द्या, टेबलफॅन वापरा.